कुड्याची पोढी आणि महाडचे तळे



वीस मार्चला महाडला जाणे हा आपल्या भागातल्या अनेक घरांचा नेम आहे. पेण, नागोठणे, रोहा, कोलाड या गावांतली माणसे त्या दिवशी मिळेल त्या वाहनाने चवदार तळ्याकडे निघतात. यंदा आम्ही पेणहून दोन गाड्या केल्या. त्यांत बहुतेक कुटुंबे अशी होती, की ज्यांनी गेल्या तीन-चार वर्षांतच धम्मदीक्षा घेतली आहे. रोह्याची मंडळी कोलाडच्या नाक्यावर येऊन मिळाली. पहाटे लवकर निघाल्यामुळे वेळ हाताशी होता. म्हणून इंदापूरहून सरळ महाडकडे न जाता आम्ही तळा गावाच्या रस्त्याला लागलो आणि मांदाडच्या खाडीवर असलेली कुड्याची बौद्ध लेणी पाहिली.

तिथे आम्ही दोन तास होतो. त्या दोन तासांत तीन प्रश्न निघाले. ते मी इथे पाठाच्या रूपाने मांडतो, कारण हे प्रश्न केवळ त्या दोन गाड्यांतल्या माणसांचे नाहीत. नव्याने बुद्धाला शरण गेलेल्या प्रत्येक घरात ते आज ना उद्या निघतात, आणि त्यांची उत्तरे नीट मिळाली नाहीत तर माणूस एका अंधश्रद्धेतून उठून दुसरीत जाऊन बसतो.

पहिला प्रश्न आमच्या गाडीच्या चालकाने उभा केला. डोंगर चढताना तो सहज म्हणाला, "ही पांडवांची लेणी. एका रात्रीत कोरली, कोंबडा आरवला म्हणून अर्धी राहिली."

दुसरा प्रश्न एका आजींमुळे निघाला. सहाव्या लेण्यातली बुद्धाची मूर्ती दिसताच त्यांनी पिशवीतून नारळ आणि कुंकवाची पुडी काढली. कॉलेजात जाणारा त्यांचा नातू सगळ्यांदेखत ओरडला, "अगं आजी, बावीस प्रतिज्ञा घेतल्यास ना? मग हे काय चालवलंयस?" आजी गप्प झाल्या. नारळ पुन्हा पिशवीत गेला, पण त्यांचे डोळे भरून आले.

तिसरा प्रश्न सहावीतल्या एका मुलाचा. त्याने माझा हात ओढून विचारले, "गुरुजी, ही लेणी आपल्या लोकांनी कोरली का?"

पांडवांनी नव्हे, माणसांनी

लेण्यांना पांडवलेणी म्हणण्याची रीत सगळ्या महाराष्ट्रात आहे. यात चालकाचा दोष नाही. ज्यांनी लेणी कोरली त्यांची आठवण पुसली गेली आणि रिकाम्या जागेवर एक कथा येऊन बसली. ज्या समाजाला स्वतःचा इतिहास वाचता येत नाही, त्याच्या इतिहासावर दुसऱ्याची पाटी लागते, हे आपण नीट ओळखून असले पाहिजे.

कुड्याला कोणी काही लिहून ठेवले नसते तर वाद घालावा लागला असता. पण कोरणाऱ्यांनी आणि दान देणाऱ्यांनी आपली नावे दगडातच लिहून ठेवली आहेत. लिपी ब्राह्मी आहे आणि भाषा प्राकृत. शेकडो वर्षे ही लिपी वाचता येणारा कोणी उरला नव्हता. जेम्स प्रिन्सेप या अभ्यासकाने 1837 साली ब्राह्मीची अक्षरे पुरती उलगडली आणि मग देशभरचे दगड बोलू लागले. कुड्याची लेणी साधारण सातवाहनांच्या काळातली, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला सुरुवात झालेली आहेत. लहानमोठी मिळून ती सव्वीस आहेत. बरीचशी साधी आहेत. पुढे ओसरी, आत एक खोली आणि भिक्खूला निजण्यासाठी दगडाचाच ओटा. काहींत स्तूप आहे.

आता त्या लेखांत कोण भेटते ते पाहा.

पहिल्या लेण्याचे दान शिवभूती नावाच्या लेखकाचे आहे. लेखक म्हणजे लिहिण्याचे काम करणारा, आजच्या भाषेत कारकून. त्या वेळी या भागावर महाभोज ही पदवी लावणारे मांदव घराणे होते. शिवभूती त्यांच्या चाकरीत होता. त्याने एकट्याचे नाव लिहिले नाही, तर पत्नी नंदा हिच्यासह हे दान दिले असे लिहून ठेवले.

सहाव्या लेण्यात त्याचा धाकटा भाऊ शिवम भेटतो. या लेखात सगळे घर आहे. शिल्पाचे काम त्याची पत्नी विजया आणि मुलगे यांचे, आणि खांब त्याच्या मुलींचे. मुलींची नावे वेगळी दिली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी एका घरातल्या मुलींच्या नावाने खांबांचे दान होते आणि ते दगडावर लिहिले जाते, हे आपल्या बहिणींनी लक्षात ठेवावे.

एक लेणे एका माळ्याच्या मुलाचे आहे, तोही माळीच. एक लेणे कऱ्हाडहून आलेल्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे. एक सोमदेव नावाच्या वैद्याचे, त्यात त्याचे मुलगे आणि मुली सामील आहेत. एक भयिला नावाच्या ब्राह्मण स्त्रीचे. तिचा पती उपासक होता. तिने चैत्यगृह दिले. आणि एक पदुमनिका नावाच्या भिक्खुणीचे. तिच्याकडे आपण पुढे येऊ.

या सगळ्या लेखांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, 'देयधम'. म्हणजे धम्मासाठी दिलेले दान. दुसरा शब्द 'लेण'. आपण आजही लेणेच म्हणतो. दोन हजार वर्षांत राज्ये गेली, भाषा बदलली, पण हा शब्द कोकणातल्या माणसाच्या तोंडातून गेला नाही. आम्ही चालकालाही जवळ बोलावले आणि लेख कोरलेली जागा दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आमच्यासारख्या कामकऱ्यांनीच पैसे घातले." मी म्हटले, "होय दादा. पांडव असते तर ते एका रात्रीत झाले असते. माणसांनी केले म्हणून त्याला पिढ्या लागल्या."

नारळाचा प्रश्न

आता आजींच्या नारळाकडे येऊ. नातवाचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण त्याची बोलण्याची रीत चुकली. ज्या आजींनी सत्तर वर्षे देवापुढे नारळ फोडला, त्यांनी दीक्षा घेताना आपले घर, आपले सण, आपल्या मृत माणसांच्या आठवणी, सगळे एका दिवसात मागे ठेवले. हे सोपे नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा सांगितली आहे. खरे असेल ते बोलावे, पण दुसऱ्याला दुखावण्यासाठी बोलू नये. बावीस प्रतिज्ञांचा काठीसारखा उपयोग करणारा माणूस प्रतिज्ञा पाळत नाही, कारण त्याच प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याचीही प्रतिज्ञा आहे.

म्हणून आम्ही आजींना शेजारी बसवले आणि स्तूपाकडे बोट दाखवले. सुरुवातीच्या काळात या लेण्यांत बुद्धाची मूर्ती नव्हतीच. होता तो फक्त स्तूप. खाली गोल बैठक, वर अर्धगोल. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या अस्थी वाटून घेऊन त्यांवर स्तूप उभारले गेले, आणि पुढे स्तूप हीच त्यांची खूण झाली. दगडात कोरलेल्या या स्तूपात अस्थी नाहीत. ती आठवण आहे. सहाव्या लेण्यातल्या बुद्धमूर्ती त्यानंतर काही शतकांनी कोरल्या गेल्या.

मी आजींना विचारले, "आजी, तुमच्या वडिलांचा फोटो घरात आहे ना? त्याच्यापुढे नारळ फोडून तुम्ही पोराची नोकरी मागता का?"

आजी हसल्या. म्हणाल्या, "नाही रे बाबा. त्यांची आठवण येते, हात जोडते, एवढंच."

बंधूंनो, इथेच सगळे उत्तर आहे. बुद्ध वाट दाखवून गेले. ती वाट आपण चालायची आहे. ते नवसाला पावत नाहीत आणि कोपतही नाहीत. म्हणून त्यांच्यापुढे नवस नाही, कौल नाही, नारळ नाही. मूर्तीपुढे हात जोडायचे ते मागण्यासाठी नव्हेत. आपण कोणत्या वाटेवर चालत आहोत ते स्वतःला आठवून देण्यासाठी. स्तूपाला उजवी घालून फिरायचे, शांत बसायचे, त्रिशरण आणि पंचशील म्हणायचे, आणि उठताना आज कोणते शील आपल्याकडून मोडले ते मनाला विचारायचे. एवढे केले की वंदना झाली.

दगडाला कुंकू, तेल, शेंदूर लावू नये याला आणखी एक कारण आहे. ज्या लेण्यांत असे सुरू झाले, तिथे थोड्या वर्षांत मूर्तीचे नाव बदलले, मग पूजा करणारा आला, आणि मग तिथे बुद्ध होते हे सांगावे लागले. आपण कुंकू लावले तर आपणच पहिले पाऊल टाकले असे होईल.

मग आजींनी तो नारळ फोडला, पण बाहेर ओसरीवर, आणि खोबरे दोन्ही गाड्यांतल्या मुलांना वाटले. चालकालाही दिले. नातू ते खाताना खाली मान घालून होता. नंतर आजींची पिशवी त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतली. मी त्याला काही बोललो नाही.

"आपल्या लोकांनी कोरली का?"

मुलाच्या प्रश्नाला पटकन 'होय' म्हणणे सोपे होते. सगळ्यांना ते ऐकायला आवडलेही असते. पण शिक्षकाने मुलाला पुरावा नसलेली गोष्ट सांगू नये, आणि बौद्धाने तर मुळीच सांगू नये. कुड्याच्या माळ्याचा वंश आज कोणत्या घरात आहे, हे कोणी सांगू शकत नाही. त्या लेखांत ब्राह्मण स्त्री आहे, व्यापारी आहे, राजाचा कारकून आहे, माळी आहे. रक्ताने कोण कोणाचे, याचा हिशेब दोन हजार वर्षांनंतर लागत नाही.

आणि तो लावायचा तरी कशाला? रक्तावरून माणसाची किंमत ठरवणे हाच तर तो रोग, ज्यातून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्यांनी लाखो माणसांना दीक्षा दिली तेव्हा 'तुमचा वंश कोणता' असे कोणाला विचारले नाही. जन्मावर हक्क सांगणारा धर्म सोडून आपण कर्मावर उभा असलेला धम्म घेतला. आता लेण्यावर हक्क सांगताना पुन्हा जन्माकडे जाऊ लागलो तर बाहेर पडून आपण काय मिळवले?

संघाची रीत पाहा. उपाली न्हावी होता. शाक्य राजपुत्रांच्या आधी त्याला दीक्षा मिळाली, म्हणजे पुढे त्या राजपुत्रांनी त्याला वंदन करावे लागले. सुनीत रस्ते झाडणारा होता. भगवान बुद्धांनी संघाला समुद्राची उपमा दिली आहे. नद्या समुद्रात मिळाल्या की त्यांची नावे उरत नाहीत. कुड्याच्या डोंगरावर माळ्याचे लेणे आणि ब्राह्मणीचे चैत्यगृह एकाच कड्यात आहेत, आणि दोन्ही संघाला दिलेली आहेत. तिथे राहणाऱ्या भिक्खूने कोणाच्या लेण्यात निजावे आणि कोणाच्या निजू नये, असा भेद नव्हता.

म्हणून मी मुलाला सांगितले, "बाळ, ज्यांनी ही कोरली ते आपले रक्ताचे होते की नाही ते मला माहीत नाही. पण त्यांनी जे केले ते आपण केले, तर ते आपले होतील."

मुलाने लगेच विचारले, "मग त्यांनी काय केलं?" तेव्हा मी त्याला पोढीपाशी नेले.

पोढी म्हणजे काय

लेण्यांच्या बाजूला कातळात खोदलेले पाण्याचे टाके असते. त्याला पोढी म्हणतात. हा शब्दही लेखांतलाच आहे. वर पाहिले तर तोंड लहान दिसते, आत वाकून पाहिले तर पोकळी मोठी असते. तोंड लहान ठेवल्यामुळे उन्हाने पाणी आटत नाही आणि थंड राहते. लेण्याच्या वरच्या कातळात चर खोदून पावसाचे पाणी पोढीकडे वळवलेले असते. कोकणात चार महिने आभाळ फाटते आणि एप्रिल-मे महिन्यांत बाया हंडे घेऊन वणवण फिरतात. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या वाड्यांना हे सांगायला नको. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी हा हिशेब केला होता. चार महिन्यांचे पाणी आठ महिने पुरवायचे असेल तर ते कातळाच्या पोटात ठेवले पाहिजे.

भिक्खू एरवी गावोगाव फिरत. पावसाळ्यात मात्र तीन महिने एका जागी राहत. त्यालाच आपण वर्षावास म्हणतो. त्या काळात गावची माणसे धम्म ऐकायला त्यांच्याकडे जात. खाडीतून बंदरावर येणारे व्यापारी, घाटावरून उतरणारे तांडे, त्यांच्याबरोबरची माणसे अशा वाटांवरच ही लेणी आहेत. आपल्या जिल्ह्याचा नकाशा काढला तर हे दिसते. सुधागडच्या बाजूला ठाणाळे आणि खडसांबळे, कर्जतकडे कोंडाणे आणि आंबिवली, महाडला गांधारपाले. कान्हेरीच्या लेखांत तर कल्याण, सोपारा, चेऊल इथल्या दानशूरांची नावे आहेत. लेणे होते तिथे पाणी लागणारच.

आता भिक्खुणी पदुमनिकेकडे येऊ. तिच्या लेखात ती आपल्या आईचे नाव सांगते, थेर असलेल्या आपल्या मामांची नावे सांगते, आणि बोधी आणि असाळमिता या आपल्या शिष्यिणींची नावे सांगते. या सर्वांसह तिचे दान काय? एक लेणे आणि एक पोढी.

जिने घर सोडले, दागिने सोडले, तिने मागे ठेवले ते पाणी. तिच्या लेखात हे पाणी अमक्याने घ्यावे आणि तमक्याने शिवू नये, असे एक अक्षर नाही. दान संघाला आहे, आणि संघाच्या दारात जात उतरवून ठेवावी लागते. याच धम्माच्या ग्रंथांत आनंदाची कथा आहे. विहिरीवर पाणी भरणाऱ्या मुलीकडे त्याने पाणी मागितले. ती म्हणाली, मी चांडाळाची मुलगी आहे. आनंद म्हणाला, मी तुझी जात विचारली नाही, मी पाणी मागितले. ती मुलगी पुढे भिक्खुणी झाली.

ही कथा सांगत असताना आजी पोढीच्या काठावर येऊन बसल्या होत्या. मार्चच्या उन्हातही आत हिरवट पाणी होते. आजी त्याकडे पाहत म्हणाल्या, "आमच्या गावात विहिरीवर आम्हांला पायरी चढू देत नव्हते. मी एवढीशी होते. आई कळशी घेऊन खाली उभी राहायची. कोणाला दया आली तर वरून ओतायचे. कळशीला कळशी लागू द्यायचे नाहीत. अर्धं पाणी मातीत जायचं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "ही बाई आमच्या गावात असती तर आई तासन्‌तास उभी राहिली नसती."

त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. त्या मुलाला त्याचे उत्तर मिळाले, असे मला वाटते.

पोढीपासून तळ्यापर्यंत

कुड्याहून निघून आम्ही पुन्हा हमरस्त्याला लागलो आणि माणगाववरून महाडला गेलो. गाडीत मोठ्या मुलांकडून तळ्याची हकीकत वदवून घेतली. ती प्रत्येक घरात पाठ असली पाहिजे, म्हणून इथे थोडक्यात देतो.

1923 साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला. तळ्यावर जाण्याची कोणाची हिंमत नव्हती. गुरेढोरे त्या तळ्यावर पाणी पीत होती, माणसाला बंदी होती.

19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव 1981 साली आले. 20 मार्चला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्याकडे चालत गेले, खाली उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर परत निघालेल्या लोकांवर हल्ले झाले, डोकी फुटली. तळे बाटले म्हणून त्याची शुद्धी करण्यात आली. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरली आणि 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा वाद कोर्टात गेला. दहा वर्षांनी, मार्च 1937 मध्ये, मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की तळ्यावर सर्वांचा हक्क आहे.

महाडच्या त्या ओंजळीकडे केवळ पाण्याचा प्रश्न म्हणून पाहू नये. तहान भागवायला पाणी दुसरीकडेही मिळाले असते. आम्ही इतरांसारखीच माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी ती ओंजळ होती. बाबासाहेबांनी त्या वेळी अजून धम्मदीक्षा घेतली नव्हती. ती पुढे एकोणतीस वर्षांनी झाली. पण ज्या जिल्ह्यात एका भिक्खुणीने दगडात पाणी ठेवले, त्याच जिल्ह्यात शेकडो वर्षांनी माणसाला पाणी नाकारले गेले, आणि तिथेच ते परत मिळवावे लागले. मध्ये काय हरवले होते? दगड तिथेच होता, पाऊसही पडत होता. हरवला होता धम्म. धम्म गेला तेव्हा पाण्यालाही जात लागली.

महाडच्या अगदी जवळ, हमरस्त्यालगत, गांधारपाल्याची लेणी आहेत. चवदार तळ्यावर अभिवादन करून येणाऱ्या मंडळींनी तिथेही जावे. एकाच दिवशी तळे आणि लेणे दोन्ही पाहिली की मुलांच्या मनात हा धागा आपोआप जुळतो.

आता आपण काय करावे

लेण्यांना जाताना काही गोष्टी पाळाव्यात. भिंतीवर नावे लिहू नयेत. कुड्याच्या दात्यांनी नावे लिहिली ती दान देऊन, आपण काही न देता लिहिली तर ती घाण होते. पोढीत दगड, बाटल्या, निर्माल्य टाकू नये. आम्ही निघण्यापूर्वी मुलांकडून वाटेवरचे प्लॅस्टिक गोळा करवले. दोन पोती भरली. ही स्मारके कायद्याने संरक्षित आहेत, म्हणून दगडाला, मूर्तीला हात लावण्याचे काम आपण करू नये. झाडलोट आणि शांतता एवढे आपल्या हाती आहे.

पण खरे काम घरी आल्यावर आहे. लेणे पाहून 'किती मोठे होते आपले लोक' असे म्हणत घरी येणे आणि पुन्हा पहिल्यासारखेच राहणे, यात काही पुण्य नाही. कुड्याच्या दात्यांत राजे थोडे आहेत आणि कामकरी जास्त. माळ्याने फुले विकून, वैद्याने औषधे देऊन, कारकुनाने लिहून मिळवले, आणि त्यातला वाटा काढला. आपल्या घरातल्या दानाची सुरुवात अशीच व्हावी. रक्कम लहान असो, पण घरातल्या सर्वांच्या नावे असो. मुलींच्या नावे तर असोच. वस्तीत ग्रंथालयासाठी एक पुस्तक, विहारासाठी एक चटई, शाळेत जाणाऱ्या मुलासाठी एक वही, हेही देयधम्मच आहे.

रोह्याच्या मंडळींनी परतीच्या वाटेत एक गोष्ट ठरवली. मे महिन्यापर्यंत त्यांच्या वस्तीच्या तोंडाशी, रस्त्यालगत, रांजण ठेवून पाणपोई चालवायची. आळीपाळीने प्रत्येक घराने रांजण भरायचा, आणि त्यावर कोणत्याही घराचे नाव लिहायचे नाही. एक गृहस्थ म्हणाले, "ज्यांनी आपल्याला पाणी दिलं नाही, त्यांच्या घरची माणसंही त्या रस्त्यानं जातात." त्यावर आजी म्हणाल्या, "मग त्यांना आधी द्या. त्यांना कळू दे, वरून न ओतता पाणी कसं देतात."

आजींनी नारळ आणला होता म्हणून सकाळी आपण त्यांना शिकवत होतो. संध्याकाळी त्यांनी आम्हांला शिकवले. धम्मात शिकणारा आणि शिकवणारा असे बदलत राहतात, हे नातवानेही पाहिले.

घरी बसून विचार करण्यासाठी

पुढील प्रश्न रविवारच्या वंदनेनंतर कुटुंबात चर्चेला घ्यावेत. उत्तर आधी लहान मुलांनी द्यावे.

1. लेण्यांना पांडवलेणी का म्हणतात? कुड्याची लेणी कोणी दान दिली हे आपल्याला कशावरून कळते?

2. स्तूप आणि देवाची मूर्ती यांत फरक काय? बुद्धापुढे हात जोडताना आपण काय मागतो, आणि काय मागू नये?

3. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना पाण्यासाठी काय सोसावे लागले, ते त्यांच्याकडूनच ऐकावे आणि एका वहीत लिहून ठेवावे. कुड्याच्या माणसांनी दगडात लिहिले, आपण निदान कागदावर लिहू या.

4. आपल्या घराने या महिन्यात कोणते देयधम्म करायचे? त्यात कोणाकोणाची नावे असतील?

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.